मग तू मानते तरी काय?

मागच्या भाद्रपदात आत्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं, नागपुरातल्या महाल भागातलं जुनं घर, पंगती चारपर्यंत चाललेल्या, आंबील, पुरण, कढी, सोळा भाज्यांची भाजी, सगळं साग्रसंगीत. मी दरवर्षी जाते. पहाटेपासून भाज्या चिरते, पुरण वाटते, फक्त आरतीला हात जोडत नाही, मागे दाराशी उभी राहते. पंधरा वर्षं झाली, घरात सगळ्यांना माहीत आहे आणि आता कोणी काही म्हणत पण नाही. पण त्या दिवशी जेवणं उरकल्यावर आम्ही मागच्या अंगणात भांडी घासायला बसलो, आत्या, वहिनी आणि मी, आणि आत्या एकदम म्हणाली, "बाई, तू देव नाही मानत ते झालं, पण मग तू मानते तरी काय? काहीतरी तं मानतच असशीन ना?"

चिडून नाही विचारलं तिनं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला, हातातलं पातेलं तसंच धरून ती माझ्याकडे पाहत होती. आणि मला नीट सांगता आलं नाही, मी म्हटलं "माणुसकी मानतो आत्या", आणि ती "ते तं आमीबी मानतो" म्हणाली आणि विषय संपला. तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. तिचं म्हणणं बरोबर आहे, माणुसकी तर सगळेच मानतात. मग माझं वेगळं काय?

तर आज लिहून काढते.

सुरुवात १९९५ पासून करावी लागेल. २१ सप्टेंबर, गुरुवार, मी सातवीत. सकाळपासून नागपुरात बोंब की गणपती दूध पिऊन राहिला. टेकडीच्या गणपतीला रांग, आमच्या गल्लीतल्या छोट्या देवळात रांग, दूधवाल्याकडचं दूध संपलेलं. आईनं मला वाटी आणि चमचा घेऊन उभं केलं, दीड तासानं माझा नंबर लागला, मी चमचा सोंडेला टेकवला आणि खरंच, चमच्यातलं दूध कमी झालं. अंगावर काटा आला माझ्या. तो काटा खोटा नव्हता, आजही आठवतो, आणि ज्यांना तो येतो त्यांना मी कधी हसत नाही ते याच्यामुळे.

दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या बाईंनी काही भाषण वगैरे दिलं नाही. त्यांनी पिशवीतून घरचा वरवंटा काढला, टेबलावर उभा केला, चमच्यात दूध घेतलं आणि वरवंट्याला टेकवलं. वरवंटा दूध प्यायला. मग दुधात कुंकू कालवलं आणि परत टेकवलं, तर वरवंट्यावरून खाली लाल धार पातळ पापुद्र्यासारखी उतरताना आम्हाला दिसली. पृष्ठताण, म्हणाल्या, दूध दगडाला चिकटून ओढलं जातं आणि अंगावरून खाली वाहतं, ते पांढरं पातळ असतं म्हणून पटकन दिसत नाही. वर्गात एकदम शांतता. मला तेव्हा देव नाही असं काही वाटलं नाही, घरी जाऊन दिवाही लावला असेल. पण एक गोष्ट मनात रुतली की गणपतीसोबत वरवंट्याला पण दूध पाजून पाहायला पाहिजे होतं, आणि अख्ख्या गल्लीत ते कोणालाच सुचलं नाही.

हे वरवंट्याचं काम मी आता रोज करते. धंतोलीतल्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे, वीस वर्षं होत आली. आमच्याकडे त्याला कंट्रोल म्हणतात. पेशंटचं रक्त लावायच्या आधी एक असा नमुना लावायचा ज्यात आजार आहे हे आधीच माहीत आहे, आणि एक असा ज्यात नाही हे माहीत आहे, आणि दोघांची उत्तरं बरोबर आली तरच पुढचं खरं धरायचं. कंट्रोल चुकला की पूर्ण बॅचचे रिपोर्ट थांबवायचे, मग पन्नास पेशंट का असेना, डॉक्टरचे फोन का येईना. म्हणजे आमच्या कामात "आपण चुकलो" हे कळायची सोय आधीच करून ठेवलेली असते. मला वाटतं मी धर्म सोडला तो इथेच, या टेबलावर, कोणत्या पुस्तकानं नाही. कारण मी पाहत गेले की धर्माच्या गोष्टींत ही सोय कुठेच नाही. नवस फेडायला लोक येतात तेव्हा देवीनं केलं, आणि ज्याचं पोर वाचलं नाही त्याला सांगतात की तुझी श्रद्धा कमी पडली, नाहीतर त्याची इच्छा, नाहीतर पूर्वजन्म. काहीही झालं तरी देव बरोबरच. जे उत्तर कधीच चुकू शकत नाही त्याच्यावर मी रिपोर्ट देऊ शकत नाही.

पण एवढ्यानं मी नुसती शंकेखोर झाले असते. राग आला तो एका पोरीमुळे. नावगाव सांगत नाही. भंडाऱ्याकडची, चौदा वर्षांची, हिवाळा लागला की हातपाय, पाठ, छाती असं दुखायचं की जमिनीवर लोळायची. गावात कोणी म्हणे बाहेरचं आहे, कोणी म्हणे करणी. पाच वर्षं गंडेदोरे, अंगारा, एका बाबानं तर दुखऱ्या पायावर चटके दिले होते, ते व्रण मी रक्त घेताना पाहिले. आणि तिच्या आईला घरातल्याच वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं की हे तुझं मागच्या जन्मीचं आहे, फेडावं लागेल. ती बाई ते खरं मानून सोमवार, गुरुवार, शनिवार उपास करत होती, हाडं दिसत होती तिची.

पोरीला सिकलसेल होता. विदर्भातल्या लोकांना हे नाव माहीत आहे, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, आपलं नागपूर, सगळीकडे आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रक्तातलं हिमोग्लोबिन बनताना त्याच्या एका साखळीत, तिला बीटा म्हणतात, १४६ अमिनो आम्लं मण्यांसारखी ओळीनं असतात, त्यातलं सहावं बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. १४६ मधलं एक. तेवढ्यानं ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि पुढे रक्त जात नाही म्हणून दुखतं. साधी पेशी १२० दिवस जगते, ही दहा ते वीस दिवस. थंडीत त्रास वाढतो, पाणी कमी प्यायलं की वाढतो. म्हणजे हिवाळ्यात अंगात येणारं ते "बाहेरचं" खरं तर पेशीच्या आत होतं.

तपासणी पण किती साधी. नळीत औषधाचं पाणी, त्यात रक्ताचा थेंब, मागे रेघा मारलेला कागद. रेघा दिसल्या तर ठीक, पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलचं हिमोग्लोबिन आहे, मग पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेनं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करायची तपासणी, करून वाहक आहे की पूर्ण आजार, म्हणजे एएस की एसएस, ते ठरवायचं. काही मिनिटांत दिसली असती ती गोष्ट पाच वर्षं दिसली नाही.

आईवडील दोघंही एएस निघाले. डॉक्टरांनी सांगितलंच, पण ती बाई नंतर माझ्याच टेबलाशी येऊन बसली, म्हणून मी परत सांगितलं, की तुमच्या दोघांत अर्धा अर्धा गुण आहे, तुम्हाला त्याचा त्रास नाही म्हणून कळलं नाही, दोघं वाहक असले की प्रत्येक लेकराला पूर्ण आजार व्हायची शक्यता चारात एक, फासा पडल्यासारखं. हा गुण आपल्याकडे टिकला कारण ज्याच्यात तो अर्धा असतो त्याला मलेरियानं मरायचा धोका कमी असतो, म्हणजे तुमच्या कोणत्या तरी पूर्वजाला यानंच वाचवलं असेल. यात पाप कुठेच नाही बाई, तुमचं काही चुकलं नाही. ती खूप वेळ काहीच बोलली नाही आणि मग जी रडली. लेकीच्या आजाराचं दुःख तर होतंच, पण मला पक्कं वाटतं की त्या रडण्यात सुटका पण होती.

तर धर्म का नाकारते याचं माझं उत्तर ती बाई आहे. कोणी म्हणेल खरा धर्म असं सांगत नाही, चटके देणारा बाबा भोंदू होता. मान्य, भोंदू होता. पण पूर्वजन्माचं पाप सांगणारे भोंदू नव्हते, ती प्रेमळ देवभोळी घरचीच माणसं होती, आणि त्यांनी ते धर्म म्हणूनच सांगितलं. ज्याला आधीच दुखतंय त्यालाच गुन्हेगार ठरवणारी कल्पना, कितीही जुनी असो, कितीही गोड अभंगात गुंफलेली असो, मला नको.

आता लोक विचारतात की देवाची भीती नाही तर मग वाईट वागण्यापासून तुला थांबवतं कोण. मला हा प्रश्न कळतच नाही खरं तर. रात्रपाळीत दोन वाजता एखादा नमुना शंकास्पद वाटतो, पाहायला कोणी नसतं, रिपोर्ट तसाच सोडला तर कोणाला कधी कळणार नाही, तरी मी उठते आणि परत लावते. कारण त्या नळीच्या पलीकडे एक माणूस आहे. याहून मोठं कारण मला लागत नाही.

आणि नागपुरात देव न मानणं काही परकी गोष्ट नाही हो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथेच दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी आहे. माझी लॅबमधली मैत्रीण इंदोऱ्याची, तिच्या घरी त्या प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या आहेत, तिची आजी निरक्षर होती पण पाठ म्हणायची. मैत्रीण स्वतःला नास्तिक म्हणवत नाही, तिला धम्म आहे, वंदना आहे, आणि मी तिला उगाच माझ्या खात्यात ओढत नाही. पण ईश्वराशिवाय नीतीनं जगता येतं याचा पुरावा मागायला मला लांब जावं लागत नाही, दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर जाऊन उभं राहिलं की झालं. आगरकर तर त्याच्याही आधीचे, १८९५ मध्ये गेले, जिवंतपणी लोकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली तरी मागे हटले नाहीत. डॉ. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घातल्या, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते १८ वर्षं झटले तो त्यांच्या मरणानंतर त्याच वर्षी झाला. तो कायदा देव मानू नका असं कुठेच म्हणत नाही, चटके देऊ नका, भूत उतरवतो म्हणून मारू नका, नरबळी देऊ नका, एवढंच म्हणतो. त्या पोरीच्या पायावरचे व्रण आठवले की मला एवढं साधं मागण्यासाठी माणूस मारला गेला हे अजूनही सहन होत नाही.

सगळे न मानणारे सारखे असतात असं पण नाही. कोणी देव नाहीच म्हणतो, कोणी म्हणतो कळायला मार्ग नाही, कोणी आरती करतो पण मनात काही नसतं. आणि देव मानत नाही पण जात मानतो असा माणूस पण मी पाहिलाय, तो मला देवभोळ्या आत्यापेक्षा शंभरपट खटकतो.

एक कबूल करायचं आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा कोरोनानं गेले. त्यांना नेत्रदान करायचं होतं, पॉझिटिव्ह असल्यामुळे ते पण झालं नाही. आई म्हणते ते वर आहेत, भेटतील, आणि ती शांत झोपते. माझ्याकडे ते नाही. बाबा कुठेच नाहीत हे मला माहीत आहे, आणि त्या रात्री ते फार जड गेलं, आजही जातं. पण म्हणून जे खरं वाटत नाही ते धरून बसणं मला जमलं नाही. मी एवढंच केलं की पुढच्या वर्षी मेडिकल कॉलेजमध्ये जाऊन स्वतःच्या देहदानाचा फॉर्म आणला. घरच्यांची सही लागते, कारण शेवटी देह तेच देणार असतात. आईनं फॉर्म देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला आणि तीन महिने त्याचं नाव काढलं नाही. मग एका सकाळी पूजा आटपून चष्मा शोधला आणि सही केली. म्हणाली, "पोरं शिकतीन ना त्याच्यावर? मग ठीक आहे." मला तिच्या देवाचा त्या क्षणी काही राग नव्हता.

तर आत्या, मी हे मानते. जे घडतं त्याला कारण असतं, आणि ते शोधता येतं. आज नाही सापडलं तर "माहीत नाही" म्हणावं, कोणाच्या माथी पाप मारू नये. आणि कारण कळलं की मग हात जोडून बसता येत नाही, काम अंगावर येतं.

हे शेवटचं मी तिला गेल्या महिन्यात सांगितलं पण, वेगळ्या निमित्तानं. तिच्या नातीचं जमलंय, पत्रिका पाहिली, २८ गुण जुळले, नाडी पण वेगळी, सगळे खूश. मी म्हटलं आत्या, नाड्या तीनच, त्या जन्मनक्षत्रावरून ठरतात, रक्तात काय आहे ते त्यात दिसत नाही. पत्रिका पाहिली ते पाहिली, आता दोघांचं सिकलसेलचं रक्त तपासून घे. एकच जण वाहक निघाला तर चिंता नाही. दोघं निघाले तरी लग्न मोडायलाच पाहिजे असं नाही, पण माहीत असलं तर पुढे गरोदरपणात तपासणी करता येते, निर्णय त्यांचा त्यांना घेता येतो. तिला आवडलं नाही. "शुभ कामात कायले रक्ताच्या गोष्टी काढते", म्हणाली आणि फोन ठेवला. मी पण मग काही बोलले नाही, आठ दिवस गेले.

काल रात्री साडेनऊला तिचाच फोन.

"सकाळी पोट्टीले पाठवतो तुया लॅबमदी. तो पोरगाबी येऊन राहिला संग, त्याच्या मायशी बोलली मी. उपाशी पाठवू का?"

"नाही आत्या," मी म्हटलं, "जेवून पाठव."