स्केलेटन कोस्ट: धुकं, मिठाचा रस्ता आणि तीनची वेळ

नामिबियाला जाणारे बहुतेक जण सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्या आणि इटोशाचे प्राणी बघून परततात. आम्ही किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड गावाहून समुद्राला डावीकडे ठेवत सरळ उत्तरेला, स्केलेटन कोस्टकडे निघालो. पुढच्यांना सगळ्यात आधी एकच सांगतो: दिवसाचं गणित स्केलेटन कोस्ट राष्ट्रीय उद्यानाच्या उगाबमुंड इथल्या फाटकापासून उलटं मांडा. आत मुक्कामाचं बुकिंग नसेल, तर दुपारी 3 नंतर आत सोडत नाहीत आणि त्याच दिवशी दुसऱ्या फाटकातून, म्हणजे स्प्रिंगबोकवासरहून, बाहेर पडावं लागतं. ट्रान्झिट परमिट फाटकावरच मिळतं. स्वाकोपमुंड ते उगाबमुंड हे अंतर सुमारे 200 किलोमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वाटेत थांबण्यासारखं इतकं आहे की सकाळी आळस केलात तर मेलात.

सी34, म्हणजे किनाऱ्याने उत्तरेला जाणारा हा रस्ता, फाटकापर्यंत बराचसा मिठाचा. जिप्समवर खारं पाणी मारून दाबलेला, दिसायला थेट डांबरी. कोरडा असताना गाडी मस्त पळते. पण बेंगुएला हा थंड प्रवाह किनाऱ्यालगत वाहतो, त्यामुळे सकाळी धुकं ठरलेलं, आणि धुक्याने ओला झाला की हाच रस्ता साबण लावल्यासारखा होतो. हेडलाइट दिवसाही चालू ठेवा, ब्रेक हळू दाबा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, तेवढा एक ताप कमी.

हेंटीस बे या गावाच्या अलीकडे ‘झेइला’ ही बोट रुतलेली दिसते. हा मासेमारीचा ट्रॉलर भंगारात विकला गेला होता. 2008 च्या ऑगस्टमध्ये टोचन करून मुंबईकडे नेत असताना दोर सुटला आणि तो इथे वाळूत येऊन बसला. भंगार व्हायला निघालेल्या बोटीचं आता प्रेक्षणीय स्थळ झालंय! अंगावर पाणकावळे, खाली गंज. त्याच पट्ट्यात रस्त्याकडेला टेबलांवर मिठाचे खडे मांडलेले असतात, शेजारी पैशांचा डबा. विक्रेता कुठेच नाही. गुलाबी खडा उचलायचा, पैसे टाकायचे. सुटे नामिबियन डॉलर ठेवा. दक्षिण आफ्रिकेचा रँडही त्याच भावात चालतो.

केप क्रॉसला सीलची प्रचंड वसाहत आहे. वास गाडीचं दार उघडायच्या आधीच आत येतो, आणि संध्याकाळपर्यंत कपड्यांतून जात नाही. जॅकेट वेगळ्या पिशवीत टाका. तरीही हे चुकवू नका. लाकडी मार्गिकेच्या अगदी खाली माद्या पिल्लांवर ओरडत असतात, आवाज बकऱ्यांच्या बाजारासारखा. नोव्हेंबर-डिसेंबर हा पिल्लांचा हंगाम, आणि मेलेल्या पिल्लांसाठी कोल्हे फिरतात. लहान मुलं बरोबर असतील तर विचार करा. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काओ याने 1486 मध्ये इथे क्रूस रोवला. मूळ क्रूस 1893 मध्ये जर्मनांनी उचलून नेला, आज दिसतात त्या प्रतिकृती.

उगाबमुंडच्या फाटकावर कवटी आणि हाडांचं चित्र आहे. फोटो सगळेच काढतात, आम्हीही काढला. त्यापुढे खडीचा रस्ता, मोबाइलला रेंज नाही, आणि तासन्‌तास समोरून गाडी येत नाही. जुनी बोटींची लाकडं, गंजून कोसळलेली तेलविहीर, बाकी नुसता वारा. रस्ता सोडून गाडी अजिबात घालू नका. जमिनीवर करडं-नारिंगी काही पसरलेलं दिसतं ते दगडफूल, आणि त्यावरून गेलेल्या चाकांचे वण कित्येक दशकं राहतात.

हेंटीस बेला टाकी फुल्ल करा. पुढचा भरवशाचा पंप पामवागला, अंतर 400 किलोमीटरच्या घरात. खडीवर टायरमधली हवा किती कमी करायची ते गाडी घेताना विचारून घ्या, वेग 80 च्या आत ठेवा. समोरून गाडी आलीच तर आणखी हळू व्हा, काचेवर दगड बसतो. भाड्याच्या गाडीच्या विम्यात टायर आणि काच बहुधा नसतात, ते वेगळं मागावं लागतं. पाणी माणशी पाच लिटर तरी हवं. जेवण बरोबरच न्या.

टोरा बेचा तंबूतळ फक्त डिसेंबर-जानेवारीत उघडतो. इतर वेळी आत राहायचं तर टेरेस बे, आणि तेही आधीच बुक करून. त्याच्या उत्तरेला खासगी गाडीने सहसा जाता येत नाही, तिकडे बहुतेक जण छोट्या विमानाने जातात आणि खर्च अफाट. आम्ही टोरा बेच्या अलीकडून सी39 ने आत वळलो. दहा-पंधरा मिनिटांत धुकं मागे पडलं, ऊन चटके देऊ लागलं, म्हणून स्वेटरखाली सुती कपडे आधीच घालून ठेवा.