चौथा सिंह

आज पुन्हा सारनाथच्या संग्रहालयात जाऊन आले. दर वेळी ठरवते, आधी बाकीची दालनं बघायची. पण आत शिरलं की अशोकस्तंभाचं चार सिंहांचं शीर्ष समोर येतं आणि पाय तिथेच थबकतात.

उंची सुमारे सात फूट, चुनारचा एकच अखंड दगड. नाण्यांवर, पासपोर्टवर आजवर तीनच सिंह पाहिले होते, म्हणून आज मुद्दाम मागे गेले आणि चौथ्यासमोर उभी राहिले. खालच्या पट्टीवरचे हत्ती आणि सिंहही राजमुद्रेत दिसत नाहीत, ते याच बाजूला. आयाळीची बट न बट मोजून घ्यावी इतकी रेखीव. आणि ती झिलई! अशोकाच्या काळातली, तरी आत्ताच ओल्या फडक्यानं पुसल्यासारखी.

१९०५ साली ओर्टेल यांच्या उत्खननात हे सापडलं. मिळालेल्या वस्तू जिथल्या तिथेच राहाव्यात, असा विचार तेव्हा झाला आणि १९१० मध्ये ही इमारत उभी राहिली, अर्ध्या विहाराच्या आराखड्याची. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. कारण त्याआधी काय काय गेलं! १७९४ मध्ये विटांसाठी धर्मराजिका स्तूप खणून काढला. त्यात अस्थींची मंजूषा निघाली, अस्थी गंगेत सोडल्या गेल्या. पुढे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनी १८३५-३६ च्या सुमारास इथे खोदकाम केलं. मागे राहिलेल्या मूर्ती आणि कोरीव दगड, चाळीसहून जास्त, नंतर वरुणा नदीवरच्या पुलाच्या खांबांशी पाण्याचा मारा अडवायला टाकले. हे आठवलं की आजही जीव तुटतो. त्यातला एखादा चेहरा कसा असेल, हा विचार आज धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतल्या, म्हणजे पहिला उपदेश देणाऱ्या, बुद्धासमोर सारखा येत होता. मिटत आलेल्या त्या पापण्या, एकमेकींना अलगद टेकलेली बोटं, खाली बैठकीवर हात जोडलेले पाच शिष्य.

भिक्खू बल यानं कुषाण राजा कनिष्काच्या राज्याच्या तिसऱ्या वर्षी बसवलेला मथुरेच्या तांबड्या दगडाचा बोधिसत्त्वही पाहिला. त्याचं दगडी छत्र एवढं अजस्र, की त्याच्याजवळ माणूस लहान मूल वाटावं.

निघताना बाहेर उत्खननाच्या जागी गेले. ज्या स्तंभावर ते सिंह होते, त्याचा बुंधा अजून तिथेच आहे. त्यावर ब्राह्मीत अशोकाची आज्ञा: भिक्खूंच्या संघात फूट पाडील त्याला पांढरी वस्त्रं नेसवून संघाबाहेर राहायला लावावं. अंधारून येईपर्यंत ती अक्षरं पाहत होते.