सोबत आलेल्याचे नाव

पिंपरी-चिंचवडमधील एका रुग्णालयाच्या वैद्यकीय अभिलेख विभागात मी काम करते. कॅज्युअल्टीतील प्रत्येक जखमेला आयसीडी-१० या आजार-इजांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला संकेतांक देणे हे माझे रोजचे काम. दोन वा अधिक बोटे तुटली असतील तर एस ६८.२, पण ती यंत्रात तुटली हे सांगणारा डब्ल्यू ३१ मला क्वचितच देता येतो, कारण 'इजा कशी झाली' या रकान्यात बहुधा 'अपघाताने' एवढेच लिहिलेले असते.

हा रकाना भरला कसा जातो हे पाहायला मी एका दुपारी कॅज्युअल्टीतच बसले. ठेकेदाराचा सुपरवायझर विशीतल्या एका मुलाला घेऊन आला. "घरी दारात बोटं सापडली," असे सुपरवायझरनेच सांगितले आणि केस पेपरवर तेच उतरले. सिस्टरांनी हाताचे फडके सोडले, तेव्हा तळव्यावर काळे तेल होते आणि त्यात पत्र्याचे बारीक कण चिकटलेले होते. घरातल्या दाराला असे तेल नसते.

सिस्टरांनी सुपरवायझरला एक्स-रेच्या खिडकीवर पाठवले. मी मुलाला विचारले, "खरं कुठं लागलं, बाळा?"

"पत्र्याच्या प्रेस मशीनवर, मॅडम. पायडल दाबलं नव्हतं, तरी दुसऱ्यांदा खाली आली. सांगितलं तर कामावरून काढतील."

कामावरच्या इजेने काम थांबले, तर कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला मजुरीच्या ९० टक्के लाभ मिळतो, कायमच्या अपंगत्वाचा लाभ वेगळा. 'घरी' या एका शब्दाने त्याचा हा सगळा हक्क बुडत होता. शिवाय कायद्याप्रमाणे, कारखान्यातल्या अपघातामुळे कामगार ४८ तास वा अधिक काम करू शकला नाही, तर व्यवस्थापकाने तो कळवलाच पाहिजे. जो अपघात घरी झाला, तो कोण कळवणार? अमेरिकेत निवडक रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतूनही कामावरच्या इजा मोजल्या गेल्या आहेत. मालकाने कळवले की नाही, यावर ती मोजणी अडली नाही. आपल्याकडे हे व्हावे, असे मला मनापासून वाटते.

मी हे सारे त्याला समजावून सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "लिहा." डॉक्टरांनी जुन्या ओळीवर एक रेघ मारली, सही करून वेळ घातली, नवी हकीकत लिहिली आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर केस, नोंदवली.

संध्याकाळी मी नोंदवहीची मागची पाने चाळली. आधीच्या महिन्यातल्या एका नोंदीत 'दारात बोट सापडले' हेच शब्द होते, आणि सोबत आलेल्याचे नावही तेच. दोन्ही पानांत खुणेचे कागद घालून मी ती वही वैद्यकीय अधीक्षकांकडे नेली.