कटल्याला धुरी आणि गुळाचा लेप : माझा अनुभव

पैठण तालुक्यातील आमचे शेत जायकवाडीच्या फुगवट्याला लागून असल्यामुळे ताजा मासा मिळणे ही आमच्याकडे मोठी गोष्ट नाही. मात्र रोहू असो वा कटला, तो काळ्या मसाल्याच्या कालवणात पडतो किंवा तव्यावर तळला जातो. यंदा हिवाळ्यात शेतातच विस्तव करून त्याला धुरी द्यायची आणि वरून गूळ-चिंचेचा लेप चढवायचा, असे मी ठरवले.

धुरीसाठी सहसा सामन (सॅल्मन) किंवा बांगड्यासारखा तेलकट मासा घेतात, कारण चरबीत धुराचा वास चांगला मुरतो आणि मांस कोरडे पडत नाही. आपले गोड्या पाण्यातले मासे त्या मानाने रुक्ष असतात. म्हणून मी रोहूऐवजी पोटाकडे जरा चरबी असलेला, अडीच किलोचा कटला निवडला. पाठीकडून चिरून तो पुस्तकासारखा उघडा करून द्यावा आणि खवले तसेच ठेवावेत, असे सांगितल्यावर मासे विकणारे भोई मामा म्हणाले, "खवलं न काढता कुठं मासा खात असतेत का?" त्यांची शंका रास्त होती, पण खवल्यांसकट कातडी ठेवली की खालच्या आचेपासून मांसाचे रक्षण होते आणि शिजल्यावर ते कातडीपासून अलगद सुटते.

एक लिटर पाण्याला साठ ग्रॅम मीठ या प्रमाणाने केलेल्या पाण्यात मासा दोन तास बुडवून ठेवला. त्यानंतरची पायरी घाईत गाळली जाते, पण माझ्या मते सगळी चव तिच्यावरच अवलंबून असते: मासा पुसून, पातळ फडक्याखाली, सावलीत वाऱ्यावर ठेवायचा. मिठामुळे वर आलेली प्रथिने सुकून त्यावर चकचकीत, बोटाला किंचित चिकटणारा पापुद्रा धरतो आणि धूर त्यालाच नीट धरून राहतो. ओल्या माशावर मात्र धुराची कडवट काजळी बसते.

विस्तवासाठी बाभळीचे लाकूड घेतले, कारण तिचा निखारा टणक असतो आणि बराच वेळ टिकतो. धुरासाठी आंब्याच्या वाळलेल्या ढलप्या वापरल्या. रंग दिलेल्या फळ्या किंवा राळ असलेले लाकूड या कामी चालत नाही. खड्ड्यात निखारे एका बाजूला लोटले, दुसऱ्या बाजूला विटांवर लोखंडी जाळी ठेवून तिच्यावर तेलाचा हात फिरवलेला मासा कातडी खाली करून मांडला आणि वरून पत्रा झाकला. हवेसाठी दोन्हीकडे फट ठेवणे आवश्यक आहे, कारण हवा कोंडली की पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो आणि मासा कडू होतो; निळसर, विरळ, जेमतेम दिसणारा धूर हवा. बघायला आलेल्या मंडळींना मात्र धूर दिसत नाही म्हणजे काही घडतच नाही असे वाटते आणि प्रत्येक जण फुंकणी मागतो!

आच मंद ठेवणे हेच खरे काम. मांसावर पांढरे थेंब जमू लागले की आच वाढली असे समजून निखारे मागे ओढावेत. सुमारे दीड तासाने जाड भागात सुरीचे टोक घातल्यावर मांस पाकळ्यांसारखे सुटू लागले. तापमापक असल्यास आतले तापमान ६३ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचल्याची खात्री करता येते.

तोवर दुसऱ्या चुलीवर लेप तयार होत होता: शंभर ग्रॅम गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, त्यात चिंचेचा दाट कोळ, ठेचलेला लसूण, चमचाभर काळा मसाला आणि चिमूटभर मीठ घालून, पळीला चिकटेपर्यंत आटवलेला. हा लेप आधी लावू नये, कारण मासा शिजेपर्यंत गूळ करपून काळा होतो. मासा शिजल्यावर पत्रा काढला, निखारे जाळीखाली पातळ पसरले आणि कोथिंबिरीच्या काड्यांच्या जुडीने एक हात लावून, तो सुकला की दुसरा, अशा तीन हातांत लेप चढवला. हे काम दहा मिनिटांचे असले, तरी तेवढा वेळ जाळीपाशीच उभे राहावे लागते.

बाजरीच्या भाकरीबरोबर पोटाकडचा भाग उत्तम लागला. शेपटीकडचा जरा कोरडा आणि बारीक काट्यांचा, त्यामुळे मुलांना तो काटे काढूनच द्यावा. या धुरीने मासा वाळवलेल्या मासळीसारखा टिकत नाही, म्हणून उरलेला फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कांद्याबरोबर परतून संपवला.