वेल्स: जुन्या घरातील तीन रात्री

वेल्सला, म्हणजे वेल्स देशाला नव्हे तर इंग्लंडच्या सोमरसेट परगण्यातील वेल्स या गावाला, आज रेल्वे स्थानक नाही, ही गोष्ट मुक्कामाचे ठिकाण ठरवण्याआधीच लक्षात घ्यावी. एके काळी या लहानशा गावात तीन स्थानके होती. १९६३ साली प्रवासी वाहतूक थांबली आणि तेव्हापासून ब्रिस्टल किंवा बाथपर्यंत रेल्वेने व पुढे बसने येणे एवढाच सोयीचा मार्ग उरला. आम्ही लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून पावणेदोन तासांत ब्रिस्टल टेंपल मीड्सला पोहोचलो आणि तेथून ३७६ क्रमांकाच्या बसने मेंडिपच्या टेकड्या ओलांडून तासाभराहून थोड्या अधिक वेळात वेल्सच्या बसस्थानकावर उतरलो. बस दुमजली असते, पण मोठ्या बॅगांसाठी तिच्यात जागा बेताचीच असते. दोन माणसांमागे एक मोठी बॅग एवढेच सामान असेल तर हा प्रवास सुखाचा होतो. आम्ही तिघे होतो, मी, माझी पत्नी आणि सत्तरी ओलांडलेली माझी मावशी, आणि बॅगा चार होत्या. ही आमची पहिली चूक.

दुसरी चूक वेळेची. आम्ही दुपारी दोनला अतिथिगृहाच्या दारात उभे राहिलो, घंटी वाजवली आणि कोणीही दार उघडले नाही. ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणजे हॉटेल नव्हे, तर कोणाचे तरी राहते घर असते, हे आम्हाला ऐकून ठाऊक होते, पण त्याचा अर्थ त्या दुपारी कळला. हॉटेलात स्वागतकक्षात चोवीस तास कोणीतरी असते; येथे घरमालकीणबाई सकाळी न्याहारी वाढतात, दहानंतर खोल्या आवरतात, मग बाजारहाट करतात आणि चार वाजता नव्या पाहुण्यांसाठी दार उघडतात. नोंदणी पक्की झाल्याच्या पत्रात हे सारे लिहिलेले होते. ते वाचायचे आम्हीच राहून गेलो होतो. दोन तास कॅथेड्रलसमोरच्या, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चसमोरच्या, हिरवळीवर बॅगा घेऊन बसावे लागले. एका अर्थी ते बरेच झाले, कारण पश्चिमेकडील दर्शनी भिंत इतका वेळ निवांत पाहण्याचा योग एरवी आला नसता. तेराव्या शतकातील या भिंतीवर कोनाड्यांच्या ओळींवर ओळी रचलेल्या आहेत आणि त्यांत मध्ययुगातील सुमारे तीनशे मूर्ती आजही टिकून आहेत. कोणाचे नाक गेलेले, कोणाचा हात गेलेला, तरी उभ्या. ऊन कलू लागले की दगडाचा रंग मधासारखा होतो. जाणाऱ्यांनी ही भिंत दुपारनंतरच पाहावी. सकाळी ती सावलीत असते.

चार वाजता दार उघडले आणि बाईंनी काही घडलेच नाही अशा सहजतेने आमचे स्वागत केले. घर जुने, तीन मजली, अरुंद पुढीलदारी आणि लांबट मागीलदारी. आमच्या दोन खोल्यांपैकी एक दुसऱ्या मजल्यावर उताराच्या छताखाली होती. तेथे जाणारा जिना इतका उभा आणि निमुळता होता की मोठी बॅग छातीशी धरूनच न्यावी लागली. अशा घरांना लिफ्ट नसते. सोबत वडीलधारी माणसे असतील तर नोंदणी करतानाच खालची खोली मागून घ्यावी. आम्ही मागितली नव्हती, तरी बाईंनी मावशीच्या गुडघ्यांकडे एकदा पाहून पहिल्या मजल्यावरची खोली तिला दिली.

खोलीविषयी थोडे तपशिलात लिहितो, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांची पंचाईत नेमकी तेथे होते. चहाचे तबक प्रत्येक खोलीत असते: विजेची किटली, चहाच्या पुड्या, कॉफी, साखर आणि दुधाच्या बोटभर डब्या. त्या दुधात आपला चहा होत नाही. आम्ही पहिल्याच संध्याकाळी दुकानातून अर्धा लिटर दूध आणले आणि बाईंनी ते आनंदाने आपल्या शीतपेटीत ठेवून घेतले. बेसिनला गरम आणि गार पाण्याचे दोन स्वतंत्र नळ असतात. एकात हात भाजतो, दुसऱ्यात गोठतो, म्हणून बेसिनला बूच लावून पाणी मिसळून घ्यावे. न्हाणीघरातील दिव्याचे बटण भिंतीवर शोधू नये, छतातून एक दोरी लोंबत असते. शौचालयात पाण्याची सोय नसते, तेव्हा लहान तांब्या किंवा मग घरूनच न्यावा. आणि तेथील जमिनीला मोरी नसते, म्हणून पाणी जपून वापरावे. भारतीय प्लग तेथील चौकोनी खिट्ट्यांच्या भोकांत बसत नाही. जोडणी येथूनच घेऊन जाणे स्वस्त पडते. खोली उबदार ठेवणारे रेडिएटर रात्री ठरावीक वेळी बंद होतात. आम्ही मे महिन्यात होतो आणि तरीही पहाटे लोकर अंगावर घ्यावीशी वाटली. जादा पांघरूण कपाटाच्या वरच्या फळीवर होते, ते मावशीला सापडले, आम्हाला नाही.

न्याहारीचा एक कागद आदल्या रात्री आठच्या आत भरून पुढच्या दालनातील टेबलावर ठेवायचा असतो. त्यावर आपल्याला काय हवे आणि किती वाजता, यावर खुणा करायच्या. पहिल्या रात्री आम्ही तो भरला नाही आणि सकाळी आम्हाला टोस्ट, मुरंबा आणि फळांवर समाधान मानावे लागले. ‘पूर्ण इंग्लिश न्याहारी’त सॉसेज, बेकन, अंडी, भाजलेले टोमॅटो, अळंबी, सॉसमधल्या पांढऱ्या शेंगबिया आणि तळलेला पाव असतो, शिवाय काळे पुडिंग नावाची एक वस्तू असते, जी रक्तापासून केलेली असते, तिच्या नावावर भुलू नये. शाकाहारी सॉसेज जवळजवळ सर्वत्र मिळते, पण त्याच्या काही प्रकारांत अंड्याचा पांढरा बलक असतो, म्हणून अंडी न खाणाऱ्यांनी विचारून घ्यावे. मावशीची अडचण याहून सूक्ष्म होती. ती मला हळूच म्हणाली, “अरे, ते बेकन ज्या तव्यावर भाजतात, त्याच तव्यावर माझे टोमॅटो?” मी हा प्रश्न संकोचत पुढे नेला आणि बाईंनी जराही वाईट न मानता दुसऱ्या दिवसापासून वेगळे भांडे वापरले. आधी सांगितले तर या घरांत बहुतेक गोष्टी होतात. ताटावर बसल्यावर सांगितले तर होत नाहीत. सोमरसेट म्हणजे चेडर चीजचा मुलूख, तेव्हा तेही टेबलावर होते. पारंपरिक पद्धतीच्या चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, आणि शाकाहाऱ्यांना चालेल अशा चीजच्या वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख असतो.

गावात मुक्काम करण्याचे खरे कारण मात्र न्याहारी नव्हे, संध्याकाळ आहे. बाथहून सहलीला येणारी माणसे चार-साडेचारला परततात आणि सव्वापाचच्या सुमारास कॅथेड्रलमध्ये सायंप्रार्थना सुरू होते. एरवी आत जाण्यास तिकीट आहे. प्रार्थनेला येणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत. धर्म कोणता, हे कोणी विचारत नाही. आम्हाला गायकवृंदाच्या मागील कोरीव लाकडी आसनांवर बसवण्यात आले आणि पाऊण तास मुलामुलींचे व पुरुषांचे आवाज त्या दगडी कमानींत चढत-उतरत राहिले. मावशी एकही शब्द न समजता डोळे मिटून बसली होती. तिच्या भजनी मंडळात निम्मी मंडळी तशीच बसतात. येथे एक सूचना: शाळेच्या सुट्ट्यांत येथील गायकवृंदही सुट्टीवर असतो आणि बाहेरचे वृंद गातात किंवा प्रार्थना गाण्याविना होते. त्यामुळे जाण्याच्या तारखा ठरवताना वेळापत्रक पाहून घ्यावे.

तिकीट काढून आतील पाहणी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी केली. मुख्य दालनातून पुढे पाहताच समोर कात्रीसारख्या एकमेकींवर उलट्या ठेवलेल्या दोन प्रचंड कमानी दिसतात आणि त्या कालपरवा बसवल्या असाव्यात असे वाटते. वस्तुतः त्या १३३८ ते १३४८ या दहा वर्षांतील आहेत. १३१३ च्या सुमारास मधला मनोरा उंच करून त्यावर शिशाने मढवलेला कळस चढवला. तो भार पायाला पेलेना, मनोरा खचून कलू लागला, तेव्हा विल्यम जॉय या प्रमुख पाथरवटाने तीन बाजूंना हे आधार घातले. डागडुजी म्हणून केलेले काम इमारतीची ओळख होऊन बसले. सभागृहाकडे जाणारा दगडी जिनाही चुकवू नये. पायऱ्या इतक्या झिजलेल्या आहेत की त्या ओघळत खाली आल्यासारख्या दिसतात. गुडघेदुखी असलेल्यांनी मात्र तो खालूनच पाहावा.

उत्तरेकडील भागात सुमारे १३९० चे घड्याळ आहे. त्याच्या चोवीस तासांच्या तबकडीवर पृथ्वी मध्यभागी आहे, सूर्य तिच्याभोवती फिरतो आणि चंद्राच्या कलाही दिसतात. मूळ यंत्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात गेले असले तरी तबकडी जुनीच आहे. दर पाव तासाला वरच्या बाजूस घोडेस्वार गोल फिरतात आणि त्यांतील एक जण भाल्याचा फटका खाऊन आडवा होतो. फटका खाणारा नेहमी तोच. आम्ही तीन वेळा पाहिले आणि तिन्ही वेळा मावशी त्याच्यासाठी हळहळली. भिंतीवर उंच बसलेला जॅक ब्लँडिफर्स नावाचा लाकडी पुतळा टाचांनी घंटा वाजवतो, तिकडेही लक्ष ठेवावे. सगळे जण घोड्यांकडे पाहत असल्याने तो बिचारा दुर्लक्षित राहतो.

कॅथेड्रलच्या उत्तरेस व्हिकर्स क्लोज ही गल्ली आहे. १३४८ मध्ये बिशप राल्फ यांनी गायक-पुरोहितांना एकत्र राहता यावे म्हणून ती वसवली आणि तेव्हापासून तेथे वस्ती कधी तुटलेली नाही. आजही कॅथेड्रलच्या गायकांपैकी काही जण तेथेच राहतात. दोन्ही बाजूंस एकसारखी घरे आणि उंच धुराडी. गल्ली वरच्या टोकाला सुमारे तीन मीटरने अरुंद होत जाते, त्यामुळे खालून पाहिली तर आहे त्यापेक्षा लांब वाटते आणि वरून पाहिली तर आखूड. ही गंमत दोन्ही टोकांना उभे राहिल्यावरच कळते. सकाळी आठच्या आधी तेथे जावे. आम्हाला एक मांजर आणि दूध उचलायला दाराबाहेर आलेला एक गृहस्थ एवढेच भेटले. लोकांच्या खिडक्यांत डोकावू नये, हे सांगायला नको, तरी दुपारच्या गर्दीत ते सांगावेसे वाटते.

गावाला नाव मिळाले ते झऱ्यांवरून. बिशपच्या वाड्याच्या बागेत ते आजही जमिनीतून वर येताना दिसतात आणि त्यांचेच पाणी वाड्याभोवतीच्या खंदकात खेळते. खंदकातील हंस प्रवेशद्वाराच्या खिडकीखाली लोंबणारी दोरी ओढून घंटा वाजवतात आणि खाणे मागतात. ही सवय त्यांना एकोणिसाव्या शतकात बिशपच्या मुलीने लावली, असे सांगतात. पंधराव्या शतकात बिशप बेकिंग्टन यांनी या झऱ्यांचे पाणी गावाला दिले आणि त्याचे पाट आजही हाय स्ट्रीटच्या कडेने खळाळत वाहतात. पायाखाली पाहून चालावे, विशेषतः रात्री. बाजारचौकातही खालीच पाहावे: येथेच जन्मलेल्या मेरी रँड यांनी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मारलेली ६.७६ मीटरची सुवर्णपदकविजेती लांब उडी फरसबंदीवर मोजून दाखवली आहे. ते अंतर चालत गेल्यावर माणूस एवढे हवेतून कसा जातो, हे मला तरी समजले नाही. बुधवारी आणि शनिवारी याच चौकात बाजार भरतो.

रात्रीच्या जेवणाचे नियोजन करावे लागते. अतिथिगृहात रात्रीचे जेवण नसते, आणि बऱ्याच पबांची स्वयंपाकघरे साडेआठ-नऊला बंद होतात. रविवारी तर दुपारच्या जेवणानंतर बरेच ठिकाणी काहीच शिजत नाही. घराच्या मुख्य दाराची किल्ली पाहुण्यांना दिलेली असते, तेव्हा उशिरा येण्यास हरकत नसते. मात्र लाकडी जिना रात्री करकरतो, सगळे घर जागे होते. एका संध्याकाळी घंटावादकांचा सराव ऐकू आला. येथील दहा घंटांचा संच त्या प्रकारच्या संचांत जगात सर्वांत वजनदार समजला जातो आणि ते खोलीत बसून ऐकतानाही पटते.

ग्लॅस्टनबरी येथून साधारण दहा किलोमीटरवर आहे आणि तीच ३७६ क्रमांकाची बस तेथे जाते. अर्धा दिवस पुरतो. तारखांविषयी शेवटची गोष्ट: जूनच्या अखेरीस जवळच्या पिल्टन गावी ग्लॅस्टनबरीचा संगीत महोत्सव भरतो, त्या आठवड्यात आसपास खोली मिळणे अवघड असते आणि भाडे अवाच्या सवा वाढते. आम्हाला एका खोलीचे रात्रीचे ११० पौंड पडले, न्याहारीसह. शनिवारला जोडून किमान दोन रात्रींची अट होती. फोन करून थेट बोलल्यास तव्यापासून खालच्या मजल्यापर्यंत सगळे आधीच ठरवता येते.

निघण्याच्या दिवशी खोली दहाला सोडायची होती आणि बस दीडची होती. बाईंनी चारही बॅगा जिन्याखालच्या कपाटात ठेवून घेतल्या, जाताना किल्ली पत्रांच्या फटीतून आत टाकायला सांगितली आणि स्वतः बाजाराला गेल्या. बाराच्या ठोक्याला आम्ही पुन्हा घड्याळाखाली उभे होतो. तो घोडेस्वार पडला, आणि मावशी म्हणाली, “चला आता, बस चुकेल.”