उचल कुठल्या रकान्यात?

किल्ले धारूरला माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. दिवाळीपर्यंत इथं पाय ठेवायला जागा नसते. मग ट्रक भरतात, अर्धा तालुका ऊस तोडायला निघून जातो आणि मागं म्हातारी माणसं अन् शाळेतली लेकरं उरतात. त्यांची कामंही ठरलेली: हयातीचा दाखला, पीक विमा, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज. २०२५च्या जानेवारीत मात्र एक पोरगी आजोबांना घेऊन आली आणि तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. तो अर्ज माझ्या ओळखीतल्या कुठल्याच पोर्टलवरचा नव्हता.

पोरगी गढीच्या नवोदयला बारावीत. दिल्लीच्या बाजूच्या एका खासगी विद्यापीठाची परीक्षा देऊन, मुलाखत देऊन पास झालेली. विद्यापीठ कुठलं ते राहू द्या. राहणं-जेवण धरून खर्च वर्षाला १० लाखांच्या वर. आजोबांना तो आकडा तिनं सांगितलाच नव्हता. मला हळू आवाजात सांगितला.

आमच्याकडच्या लोकांचा इथं एक घोळ होतो. 'पोरीला ९५ टक्के आहेत, स्कॉलरशिप मिळायलाच पाहिजे,' असं आई-बाप म्हणतात. सरकारी योजनांचा हिशेब त्यांना माहीत असतो: जात, उत्पन्नाची मर्यादा, टक्के. अशोका काय, अझीम प्रेमजी काय, असल्या विद्यापीठांत निवड वेगळी आणि आर्थिक मदत वेगळी. मदत ठरते ती घर किती भरू शकतं यावर. मुलींची फी माफ करणारा २०२४चा आपला शासन निर्णय या राज्याबाहेरच्या खासगी विद्यापीठाला लागू होत नाही. म्हणजे कर्ज सोडलं तर या पोरीपुढं विद्यापीठाचा स्वतःचा मदतीचा अर्ज एवढाच रस्ता होता, आणि तो अर्ज पानांमागून पानं चालला होता.

वडिलांची सॅलरी स्लिप. आयकर विवरण. सगळ्या खात्यांचं वर्षाचं स्टेटमेंट. घरातली वाहनं, सोनं, जमीन, तिची बाजारभावानं किंमत. गेल्या वर्षी कुटुंब सुट्टीत कुठं फिरायला गेलं होतं? पोरगी म्हणाली, "ताई, आमचं कुटुंब दरवर्षी सहा महिने चिकोडीला ऊस तोडायला जातं, ते लिहू का?" तिला हसू आलं, मलाही. आजोबा आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत राहिले.

हसून झाल्यावर खरी अडचण पुढं आली. उत्पन्नाचा दाखला ४२ हजारांचा. तालुक्यात कुणाचाही दाखला काढून बघा, बहुतेकांचा याच्या आसपास निघेल. त्याला कारण आहे. ग्रामीण भागात प्राधान्य कुटुंबाच्या रेशनची मर्यादा ४४ हजार. पाच माणसांचं घर वर्षभर ४४ हजारांत चालतं असं शासनानं धरलंय, मग दाखलाही तसाच निघतो. महाडीबीटीला तो चालतो, कारण तिथं दाखल्यापलीकडं कुणी बघत नाही. इथं दाखल्याशेजारी बँकेचं स्टेटमेंट जोडायचं होतं, आणि बापाच्या खात्यावर सप्टेंबरात एकरकमी ६० हजार जमा झालेले. ४२ हजार वर्षाचं उत्पन्न असलेल्या माणसाला एका दिवसात ६० हजार कुणी दिले, हे कुणीही विचारणारच.

मुकादमानं दिले होते. उचल.

बीडबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम म्हणजे तोडणीसाठी मजुरांची टोळी जमवणारा. हंगामाआधी तो कोयत्याला उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो. या जोडीला १ लाख २० हजार मिळाले होते. अर्धे फोनवरून, अर्धे रोख. ते थोरल्या पोरीच्या लग्नात गेले. मग ऊस तोडून ती उचल फेडायची. २०२४च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपयांच्या आसपास गेला. जोडीनं दिवसाला दोन टन तोडले आणि १२० दिवस हात चालले, तर ८८ हजारांच्या आत काम होतं. मागच्या हंगामाचे १८ हजार आधीच अंगावर. आठवड्याची खर्ची मुकादम देतो, तीही नावावर चढते. एखादा दिवस बसलं तर खाडा कापतात तो वेगळाच. म्हणजे हंगाम संपला की हे घर ५० हजारांच्या वर देणं लागणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडं जाणार.

अर्जात रकाने दोन होते, उत्पन्न आणि कर्ज. उचल उत्पन्नात टाकली तर घर आहे त्यापेक्षा बरं दिसतं, शिवाय तोडणीची मजुरी वेगळी लिहिली की तेच पैसे दोनदा मोजले जातात. कर्जात टाकली तर कर्जाचा कागद लागतो. बँकेचा नाही, सोसायटीचा नाही. कागद असेल तर तो मुकादमाच्या वहीत.

मी त्याला फोन लावला. आधी तो उखडलाच. "ताई, माझं नाव कशाला घालता? उद्या इन्कम टॅक्सवाला दारात आला तर?" त्याचीही बाजू होती. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा याच्याशी, आणि याचा मजुराशी व्यवहार सगळा तोंडी. पण त्याच्या टोळीतल्या लोकांच्या ऊसतोड ओळखपत्रांची निम्मी कामं माझ्याच केंद्रावर झाली होती. त्याला एवढंच सांगितलं की वहीचं पान नुसतं वाचता येईल असं पाहिजे, बाकी कुणाचं नाव दिसलं नाही तरी चालेल. रात्री व्हॉट्सअॅपवर फोटो आला. बापाचं नाव, त्यापुढं बाकी, उचल, खर्चीच्या तारखा, आणि खाली अंगठा. बाजूच्या नावांवर त्यानं बिडीचं पाकीट ठेवलं होतं.

आम्ही एक साधं पत्रक केलं. ४२ हजारांचा दाखला आहे तसा जोडला आणि त्याखाली घराचं खरं उत्पन्न ओळीनं लिहिलं: तोडणी, सोयाबीन, आजोबांच्या खात्यावर येणारे पीएम किसान आणि नमो योजनेचे मिळून वर्षाचे १२ हजार, आईचे लाडक्या बहिणीचे पैसे, उन्हाळ्यातली मजुरी. बेरीज दीड लाखाच्या आतबाहेर आली. आजोबा अस्वस्थ झाले. "बाई, हे आसं लिहिलं अन् रेशन बंद झालं तर?" हा कागद तहसीलला जात नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. नातीनं हट्ट धरला म्हणून गप्प बसले. मला विचाराल तर दाखला काढणाऱ्याला खोटं ठरवण्याआधी ती ४४ हजारांची मर्यादा कुणीतरी बदलायला पाहिजे.

जमिनीचंही तसंच. सातबारा आजोबांच्या नावावर, ५ एकर कोरडवाहू. तिघा पोरांची वाटणी तोंडी झालेली. हिच्या बापाच्या वाट्याला १ एकर २६ गुंठे. सातबारा बघणाऱ्याला मात्र ५ एकरांचा मालक दिसतो. तेही पत्रकात लिहिलं.

आणि मग शुक्रवारी विद्यापीठाच्या मदत विभागाचा व्हिडिओ कॉल ठरला. आई-वडील दोघंही पाहिजेत. सकाळी ११ वाजता.

पोरगी माझ्या केंद्रात बसली, तिकडं चिकोडीजवळच्या उसाच्या फडात आई-बाप. बापाच्या फोनला रेंज येत नव्हती म्हणून ते बांधावर चढून उभे. मागं ट्रॅक्टर भरायला लागलेला. मुकादमानं अर्धा तास सोडलं होतं, खाडा न धरता. त्या वहीच्या पानाइतकंच मला त्याचं हेही मोठं वाटलं.

पलीकडची बाई हिंदीत बोलत होती. आवाज शांत, पण प्रश्न एकही सुटत नव्हता. आधी आईच्या खात्यावरचे पैसे: कधी ३ हजार, कधी दीड हजार, हे काय? मी सांगितलं, योजनेचे हप्ते एकदम आले. मग ती ६० हजारांवर आली. वहीचं पान तिच्यासमोर होतं. बाप म्हणाला, "वो उचल है मॅडम. फेडने का है." बाईला 'फेडना' कळेना. मी मध्ये पडून समजावणार, तेवढ्यात आईनं फोन स्वतःकडं ओढला. तिच्या हिंदीत अर्ध्याहून जास्त मराठी होती. "मॅडम, पैसा पयले आया, काम अब कर रहे. कल पावने दो टन हुआ. आज ट्रॅक्टर लेट आया, तो कम होयेगा." तिला रोजचं टनाचं माप पाठ होतं. आदल्या आठवड्याचे आकडे तिनं दिवसाप्रमाणं सांगितले आणि बाई ते लिहून घेत गेली.

मग प्रश्न आला: मजुरी सगळी उचलीत जाते, तर रोज खाता काय?

आई म्हणाली, "वाढं इकतो नं."

माझ्या पोटात गोळा आला. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. जनावरांसाठी लोक पेंढी विकत घेतात, त्यातून रोजचं मीठ-मिरची निघते. पत्रकात ते नव्हतं. बापाला मी दोनदा विचारलं होतं, आणखी काही येतं का, आणि तो नाही म्हणाला होता. वाढ्याचा पैसा बायकांच्या हातात असतो; गडी माणूस त्याला कमाईत धरतच नाही. बाईनं विचारलं, किती मिळतात? आई म्हणाली, कधी शंभर, कधी दोनशे, कधी कायच नाही. बापानं मान फिरवली. मला वाटलं, आता पत्रकातल्या बाकीच्या आकड्यांवरही हिचा विश्वास बसणार नाही.

बाईनं पेन खाली ठेवलं आणि पुढचे दोन-तीन प्रश्न विचारलेच नाहीत. पत्रकात ही ओळ घालून पुन्हा पाठवा, एवढंच म्हणाली. मग पोरीकडं वळून तिला काय शिकायचंय ते विचारलं. अर्थशास्त्र, पोरगी म्हणाली. तिकडं ट्रॅक्टरवाला ओरडायला लागला तसा बापानं फोन खिशात टाकला. कॉल चालूच, आणि आम्हाला बराच वेळ नुसता उसाचा सळसळाट ऐकू येत होता.

महिन्याभरात पत्र आलं. शिक्षण शुल्क पूर्ण माफ, वसतिगृह माफ. जेवण आणि बाकी खर्चाचे मिळून ७० हजारांच्या घरात घरच्यांनी भरायचे. दीड लाखातले ७० हजार. पोरीला रडू फुटलं. तिला वाटलं, आता संपलं. खरं म्हणजे असल्या ठिकाणी फेरविचाराचा अर्ज करता येतो, आणि तो दयेचा अर्ज नसतो. आकडा कुठं चुकतोय ते दाखवायचं असतं. आम्ही एकच पान लिहिलं: दीड लाखातले ८८ हजार घरात येतच नाहीत, ते आधीच खर्चलेल्या उचलीत वळते होतात. दाखल्यावरचं, पत्रकातलं आणि खरोखर हातात पडणारं, असे तीन आकडे शेजारी-शेजारी मांडले. शैक्षणिक कर्जाचाही विचार केला होता. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळतं, संस्था त्यांच्या यादीत असेल तर. पण त्या घरावर आणखी एक कर्ज चढवायचं मला जिवावर आलं होतं. फेरविचारात जेवणही माफ झालं.

राहिली परत मिळणारी अनामत रक्कम, तिकीट, थंडीचे कपडे. ते २५ हजार बापानं मुकादमाकडूनच उचलले, पुढच्या हंगामाच्या बोलीवर. मदत दरवर्षी नव्यानं मागावी लागते, त्यामुळं यंदाच्या अर्जात तेही आले: कर्जाच्या रकान्यात, वहीच्या नव्या पानासह. वाढ्याची ओळ यंदा पोरीनं स्वतःच सगळ्यात वर लिहिली.