जुना डी४०, नवा झेड५० आणि गड्ड्याची रात्र

निकॉनचा २००६ सालचा डी४० आणि २०१९ सालचा झेड५० या दोन्ही कॅमेऱ्यांतील सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) आकाराने जवळपास सारखेच असल्यामुळे त्यांची तुलना करणे रास्त ठरते. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी भर उन्हात काढलेले छायाचित्र १० बाय ६ इंचांत छापायचे असेल, तर जुन्याचे ६ मेगापिक्सेल पुरेसे आहेत, नव्याचे २०.९ मेगापिक्सेल तिथे वायाच जातात.

खरा फरक तिथल्याच सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, रात्रीच्या मिरवणुकीत दिसतो. आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) १६०० वर नेला की डी४० सावलीत रंगीत ठिपके पेरतो आणि नंदीध्वज (यात्रेतले उंच मानाचे ध्वज) पेलणाऱ्या मानकऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंदीच्या (पारंपरिक अंगरख्याच्या) चुण्या दिव्यांच्या झोतात सपाट होऊन जातात. झेड५० मध्ये झोताला बेतून एक्स्पोजर कमी ठेवले, तरी काळोखातले चेहरे नंतर उजळता येतात, कारण त्याचा सेन्सर कमी गोंगाट (असे नको असलेले ठिपके) करतो आणि १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीत) डी४० च्या १२ बिटांतल्या ४,०९६ ऐवजी उजेडाच्या १६,३८४ पातळ्या नोंदवता येतात.

डी४० मध्ये आहे तशा जुन्या सीसीडी प्रकारच्या सेन्सरचे रंग फिल्मसारखे असतात, हा हल्लीचा लाडका दावा मात्र मला पटत नाही. दोन्ही रॉ फाइली एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडून व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळणी) सारखा केला की ती जादू बरीचशी ओसरते.